कोंबडीच्या पिसांचे आनुवंशिक गुण : उघडी मान व कुरळी पिसे

वैशाखातील भर दुपारी खुराड्यात डोकावल्यास जे दृश्य दिसते, ते प्रत्येक कुक्कुटपालकाच्या परिचयाचे आहे. पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकीत असतात. त्यांचे पंख अंगापासून दूर सुटलेले असतात. खाद्याच्या भांड्याकडे कोणी फिरकत नाही आणि पाण्याभोवती मात्र गर्दी होते. विदर्भात व मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर गेला म्हणजे अंड्यांची संख्या घटते, कवच पातळ पडते आणि अंगाने भरलेले, चांगल्या वजनाचे पक्षीच प्रथम दगावतात.

अशा वेळी एखाद्या गावठी कळपात उघड्या मानेची किंवा उलट्या, कुरळ्या पिसांची कोंबडी असल्यास ती इतरांच्या मानाने बरीच सावध दिसते. परंतु अशी कोंबडी पुष्कळांना कुरूप वाटते. तिच्याविषयी शकुन-अपशकुनाच्या समजुतीही कोठे कोठे आढळतात. कोणी ती रोगट समजून विकून टाकतात, तर कोणी हौसेने अशाच पिसांची जोडी जमवून पिले काढतात व त्यांतील काही पिले पिसांवाचून उघडी पडलेली पाहून चकित होतात. ह्या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी आनुवंशिकतेच्या नियमांचे अज्ञान असते. ते नियम सोपे असून कोणत्याही कुक्कुटपालकास समजण्यासारखे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचे विवेचन केले आहे.

पिसाची रचना व कार्य

कोंबडीचे एखादे मोठे पीस हातात घेऊन पाहिल्यास त्याच्या मधोमध एक दांडा दिसतो. दांड्याच्या दोन्ही बाजूंस बारीक शाखा असतात व प्रत्येक शाखेवर त्याहून सूक्ष्म अशा उपशाखा असतात. ह्या उपशाखांवर अतिसूक्ष्म आकडे असून ते शेजारच्या उपशाखांत अडकतात. त्यामुळे संपूर्ण पीस विणलेल्या कापडाप्रमाणे एकसंध राहते. पीस बोटांनी विसकटले व पुन्हा दांड्यापासून टोकाकडे फिरवून नीट केले, तर ते पूर्ववत जुळते; कारण सुटलेले आकडे पुन्हा अडकतात. पिसाचा बहुतेक सर्व भाग केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. आपली नखे व केसही ह्याच वर्गातील प्रथिनांचे असतात.

पिसांचा थर अंगाशी हवा धरून ठेवतो व त्यामुळे शरीराची ऊब बाहेर जात नाही. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. थंडीत हा थर तिचे रक्षण करतो. परंतु कडक उन्हाळ्यात तोच तिला जाचक होतो. कोंबडीस घामाच्या ग्रंथी नसतात. तुरा, गळ्याखालील लोलक, पाय आणि पिसे नसलेली कातडी ह्यांवाटे जेवढी उष्णता बाहेर पडेल तेवढीच. बाकीची तिला धापा टाकून, श्वासावाटे पाण्याची वाफ करून घालवावी लागते. सतत धापा टाकल्याने रक्तातील कर्बवायूचे प्रमाण कमी होते. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने कर्बवायूच्या ह्या घटीचा परिणाम कवचावर होतो आणि ते पातळ पडते. उन्हाळ्यातील फुटक्या अंड्यांचे एक कारण हे होय.

ह्यावरून असे दिसून येईल की, ज्या पक्ष्याच्या अंगावर पिसे थोडी आहेत, किंवा ज्याची पिसे अंगास चिकटून न राहता वर वळलेली आहेत, त्यास उष्णता बाहेर टाकणे सोपे जाते. उघडी मान व कुरळी पिसे ह्या गुणांचे महत्त्व ते इतकेच. परंतु उष्ण प्रदेशात ते थोडे नाही.

आनुवंशिकतेचा मूळ नियम

ग्रेगोर मेंडेल ह्याने वाटाण्यावरील आपले प्रयोग १८६५ साली मांडले व ते १८६६ साली प्रसिद्ध झाले. प्राण्यांतही तेच नियम लागू पडतात हे ज्या प्राण्यांवरून प्रथम सिद्ध झाले, त्यांत कोंबडीचे स्थान मानाचे आहे. विल्यम बेटसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०२ साली कोंबड्यांच्या तुऱ्यांच्या आकारावरून हे दाखवून दिले.

प्रत्येक गुणाचे जनुक पिलात जोडीने असतात. त्यांतील एक बापाकडून व एक आईकडून आलेला असतो. दोन्ही सारखे असल्यास पक्षी त्या गुणापुरता शुद्ध व दोन्ही निरनिराळे असल्यास मिश्र म्हणावयाचा. मिश्र पक्षी आपल्या निम्म्या पिलांना एक जनुक देतो व निम्म्यांना दुसरा. काही गुण प्रभावी असतात, म्हणजे जोडीतील एकच जनुक असला तरी ते प्रकट होतात. काही अप्रभावी असतात. ते दोन्ही जनुक सारखे असल्याखेरीज दिसत नाहीत. तिसऱ्या प्रकारात एका जनुकाने गुण थोडा दिसतो व दोन जनुकांनी पुरा दिसतो. ह्यास अपूर्ण प्रभाविता म्हणतात. उघडी मान व कुरळी पिसे हे दोन्ही गुण ह्या तिसऱ्या प्रकारात मोडतात. हे एक सूत्र ध्यानात धरल्यास पुढील सर्व भाग सहज उलगडतो.

उघडी मान

सोयीसाठी उघड्या मानेच्या जनुकास ‘उ’ व नेहमीच्या, पिसांनी झाकलेल्या मानेच्या जनुकास ‘झ’ म्हणू. म्हणजे पक्षी तीन प्रकारचे होतील : ‘उउ’, ‘उझ’ आणि ‘झझ’.

‘उउ’ पक्ष्याची मान जवळजवळ संपूर्ण उघडी असते. ‘उझ’ पक्ष्याचीही मान उघडी असते. पण मानेच्या पुढील बाजूस, गळ्याच्या पिशवीच्या वर, पिसांचा एक ठळक झुपका असतो. हा झुपका एक दिवसाच्या पिलातही ओळखता येतो. त्यामुळे शुद्ध व मिश्र पिले अंड्यातून बाहेर पडताच वेगळी काढता येतात. पैदास करणाऱ्यास अशी उघड खूण क्वचितच लाभते.

हा गुण केवळ मानेपुरता नसतो. अंगावरील पिसांच्या पट्ट्याही अरुंद होतात. नेहमीच्या पक्ष्याच्या तुलनेने ‘उझ’ पक्ष्यावर पिसे सुमारे २० ते ३० टक्क्यांनी व ‘उउ’ पक्ष्यावर सुमारे ४० टक्क्यांनी कमी असतात. पीस हे प्रथिन असल्यामुळे पिसे कमी म्हणजे तेवढे प्रथिन मांसासाठी शिल्लक, असाही ह्याचा दुसरा लाभ आहे. हवा समशीतोष्ण असताना ह्या पक्ष्यांत व नेहमीच्या पक्ष्यांत वाढीचा फारसा फरक पडत नाही. परंतु तापमान सुमारे ३० अंशांच्या पुढे गेले म्हणजे उघड्या मानेचे पक्षी खाद्य अधिक खातात व त्यांची वाढ चांगली टिकून राहते, असे अनेक देशांतील प्रयोगांवरून दिसून आले आहे.

मानेवरचीच पिसे का जातात, ह्या प्रश्नाचा उलगडा स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली केला. उबवणीच्या सातव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या कातडीवर पिसांचे अंकुर उमटू लागतात. कोठे अंकुर उठावा व कोठे उठू नये हे काही प्रथिनांच्या प्रमाणावर ठरते. तिसऱ्या गुणसूत्रावर पहिल्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा येऊन बसल्यामुळे उघड्या मानेच्या पक्ष्यांत अंकुर रोखणाऱ्या एका प्रथिनाची निर्मिती वाढते. मानेच्या कातडीत ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे एक आम्लही तयार होत असते. त्यामुळे मान ह्या रोधक प्रथिनास अंगाच्या इतर भागांपेक्षा लवकर बळी पडते. गिधाड, शहामृग अशा निरनिराळ्या पक्ष्यांत मानच उघडी का आढळते, ह्यावरही ह्या संशोधनाने प्रकाश पडला आहे.

ह्यावरून हेही स्पष्ट होते की, उघडी मान हा रोग नव्हे. गोचिडी, उवा किंवा एकमेकींना टोचण्याची खोड ह्यांमुळे झडलेली पिसे आणि जन्मतःच नसलेली पिसे ह्यांत फरक केला पाहिजे. जन्मजात उघड्या मानेची कातडी निरोगी असते व उन्हात तांबडी होते. झडलेल्या पिसांच्या जागी मात्र खरका, जखमा किंवा तुटलेल्या पिसांचे खुंट आढळतात.

कुरळी पिसे

कुरळ्या पिसांच्या जनुकास ‘कु’ व सरळ पिसांच्या जनुकास ‘स’ म्हणू. ‘सस’ पक्षी नेहमीचा. ‘कुस’ पक्ष्याची पिसे अंगाकडे न झुकता बाहेर व डोक्याच्या दिशेने वळलेली असतात. सोसाट्याचा वारा पाठीमागून लागावा तसा तो दिसतो. ‘कुकु’ पक्ष्याची पिसे इतकी पिळवटलेली व ठिसूळ असतात की ती थोड्या घर्षणानेच तुटतात. छाती, पाठ व पंख पाहता पाहता उघडे पडतात आणि केवळ दांड्यांचे खुंट उरतात.

ह्या गुणाचे शास्त्रीय विवेचन १९३० साली अमेरिकेत लँडॉअर व डन आणि त्याच वर्षी हट ह्यांनी प्रसिद्ध केले. हा गुण एकाच जनुकाचा असून अपूर्ण प्रभावी आहे, हे तेव्हापासून प्रस्थापित झाले आहे. २०१२ साली हा जनुक नेमका हाती लागला. तो केराटिनच्या एका प्रकाराचा जनुक असून त्यातील एक लहानसा भाग गळलेला आहे. दोरी वळताना तीन पेडांपैकी एक पेड कुजका निघाला तर उरलेले दोन चांगले असूनही दोरी सरळ राहत नाही. त्याचप्रमाणे पिसाच्या दांड्यातील केराटिनचे तंतू एकमेकांत गुंफून बनत असल्यामुळे निम्मे सदोष असले तरी संपूर्ण दांडा वाकतो. सर्वच सदोष असले म्हणजे दांडा तुटतो. एका जनुकाने कुरळेपणा व दोन जनुकांनी उघडेपणा का येतो, ह्याचे उत्तर येथे मिळते.

कुरळे पिलू जन्मतः ओळखू येत नाही. कारण त्याच्या अंगावर तेव्हा केवळ मऊ लव असते. पंखांची पहिली पिसे फुटू लागली म्हणजे त्यांची टोके बाहेर वळलेली दिसतात. म्हणून निवड दुसऱ्या आठवड्यानंतर करावी.

दोन कुरळ्या पक्ष्यांची जोडी का लावू नये

हौशी पालकांची बहुतेक हानी येथेच होते. कळपात एक कुरळा कोंबडा व काही कुरळ्या तलंगा जमल्या की सर्व पिले कुरळी निघतील अशी त्यांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे.

कुस × कुस ह्या जोडीच्या १०० पिलांत सरासरीने २५ ‘कुकु’, ५० ‘कुस’ व २५ ‘सस’ निघतात.

कुस × सस ह्या जोडीच्या १०० पिलांत सरासरीने ५० ‘कुस’ व ५० ‘सस’ निघतात.

दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहिल्यास एक गोष्ट लगेच नजरेत भरते. इष्ट अशी कुरळी पिले दोन्ही जोड्यांत ५० च मिळतात. दोन कुरळे पक्षी एकत्र आणून एकही इष्ट पिलू अधिक मिळत नाही. फरक इतकाच की, पहिल्या जोडीत २५ पिले उघडी पडणारी निघतात व दुसरीत त्यांच्या जागी २५ सरळ पिसांची, धडधाकट पिले मिळतात.

‘कुकु’ पिलांचे हाल केवळ दिसण्यापुरते नसतात. लँडॉअर ह्यांच्या अभ्यासात अशा पक्ष्यांच्या शरीराची ऊब सतत निघून जाते, ती भरून काढण्यासाठी त्यांना खाद्य अधिक लागते, हृदयावर ताण पडून ते मोठे होते व पक्षी वयात उशिरा येतात, असे आढळून आले. पावसाळ्यातील ओली हवा व हिवाळ्यातील रात्र त्यांना सोसत नाही. म्हणजे अशी पिले खाद्य अधिक खातात व उत्पन्न थोडे देतात. शिवाय मुक्या जिवास विनाकारण यातना देण्याचा दोष पालकाकडे येतो. एका साध्या नियमाने हे सर्व टळते : कुरळ्या पक्ष्याची जोडी नेहमी सरळ पिसांच्या पक्ष्याशीच लावावी.

येथे एक सूचना आवश्यक आहे. कुरळेपणा कमी करणारा आणखी एक अप्रभावी जनुक काही पक्ष्यांत असतो. त्याच्यामुळे ‘कुस’ पक्षी जवळजवळ सरळ पिसांचा दिसू शकतो. असा पक्षी सरळ समजून कुरळ्या पक्ष्याशी जोडल्यास उघडी पडणारी पिले अनपेक्षितपणे निघतात. म्हणून कुरळ्या कुळातील सरळ दिसणारा पक्षी निवडताना त्याच्या मानेवरील व पंखांवरील पिसांची टोके बारकाईने तपासावीत.

सरासरी म्हणजे काय

वरील प्रमाणे मोठ्या संख्येत जुळतात. एका कोंबडीखाली दहा अंडी बसवून निम्मी पिले कुरळी निघतीलच असे नाही. सात-तीन किंवा चार-सहा असेही निघू शकतात. नाणे दहा वेळा उडवले असता पाच वेळाच छापा पडत नाही, तसेच हे आहे. एका उबवणीवरून निष्कर्ष न काढता वर्षभराच्या नोंदी एकत्र कराव्यात.

दोन्ही गुण एकाच पक्ष्यात

उघडी मान व कुरळी पिसे ह्यांचे जनुक निरनिराळ्या गुणसूत्रांवर आहेत. त्यामुळे ते एकमेकांशी बांधलेले नसून पिलांत स्वतंत्रपणे उतरतात. दोन्ही एकाच पक्ष्यात आणल्यास उष्णता सहन करण्याच्या बाबतीत त्यांचा परिणाम एकमेकांस पूरक ठरतो.

‘उउ’ पक्षी ‘कुकु’ पक्ष्याप्रमाणे दुबळा नसतो. म्हणून उघड्या मानेचा शुद्ध कोंबडा निश्चिंतपणे पाळता येतो. असा ‘उउ’ व सरळ पिसांचा कोंबडा झाकलेल्या मानेच्या कुरळ्या कोंबड्यांत सोडल्यास सर्व पिले उघड्या मानेची होतात व त्यांतील निम्मी कुरळीही होतात. १०० पिलांत ५० दोन्ही गुणांची व ५० केवळ उघड्या मानेची मिळतात आणि एकही पिलू वाया जात नाही. उष्ण भागातील लहान पालकास ही जोडी सर्वांत सोयीची होय.

कोंबडा ‘उउ’ आहे की ‘उझ’, ह्याची शंका असल्यास मानेवरचा झुपका पाहावा. तरीही खात्री न पटल्यास त्यास झाकलेल्या मानेच्या कोंबड्यांशी जोडावे. झाकलेल्या मानेचे एक जरी पिलू निघाले तरी कोंबडा मिश्र ठरतो. ओळीने सात पिले उघड्या मानेची निघाल्यास तो शुद्ध असल्याची जवळजवळ खात्री धरावी. कारण मिश्र कोंबड्यापासून असे घडण्याचा संभव १२८ मध्ये एक इतकाच असतो.

भारतातील कार्य

केरळातील तिरुवनंतपुरमच्या परिसरात व अंदमान बेटांवर उघड्या मानेच्या देशी कोंबड्या पूर्वापार आढळतात. बरेलीजवळील इज्जतनगर येथे १९७९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने अशा देशी पक्ष्यांचा उपयोग करून परसातील पालनासाठी संकरित वाण तयार केले. उघड्या मानेचा देशी पक्षी व संस्थेचा ‘कारी रेड’ ह्यांच्या संकरातून ‘हितकारी’ आणि कुरळ्या पिसांचा देशी पक्षी व ‘कारी रेड’ ह्यांच्या संकरातून ‘उपकारी’ हे वाण निघाले. देशी पक्ष्याची काटक प्रकृती व सुधारित पक्ष्याची अंडी देण्याची क्षमता ह्यांचा मेळ घालणे हा त्यामागील हेतू होता. परदेशांतही उघड्या मानेचा गुण उपेक्षित राहिलेला नाही. फ्रान्समध्ये मोकळ्या रानात वाढवल्या जाणाऱ्या मांसल कोंबड्यांत तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला आहे. रुमानियातील ट्रान्सिल्व्हेनिया प्रांताच्या नावाने तर उघड्या मानेची एक जातच प्रसिद्ध आहे.

शोभेचे इतर गुण

पिसांचे इतर काही गुण कुक्कुटप्रदर्शनांत विशेष मानले जातात. त्यांचा थोडक्यात निर्देश करणे योग्य होईल.

रेशमी पिसे : सिल्की जातीच्या कोंबडीच्या पिसांवरील आकडे नीट बनत नाहीत. त्यामुळे शाखा सुट्या राहून पिसे लोकरीसारखी दिसतात. हा गुण अप्रभावी आहे. साध्या पक्ष्याशी संकर केल्यास पहिल्या पिढीत तो पूर्ण लपतो व त्या पिढीच्या आपसातील संयोगातून चारांत एक पिलू रेशमी निघते. हा गुण नाहीसा झाला असे समजून पालकाने निराश होऊ नये. सिल्की कोंबडी वारंवार खुडूक होते व उत्तम उबवते. म्हणून इतर पक्ष्यांची अंडी तिच्याखाली बसवण्याची प्रथा आहे.

डोक्यावरील शेंडी : हा गुण अपूर्ण प्रभावी आहे. मोठ्या शेंडीच्या पोलिश जातीत कवटीच्या हाडास उंचवटा येऊन त्यात छिद्रेही राहतात. चार्ल्स डार्विन ह्याने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात ह्याचे वर्णन केले आहे. अशा पिलांच्या डोक्यास चोच लागल्यास प्राणावर बेतते. म्हणून ती वेगळी वाढवावी लागतात.

कानाजवळील झुपके : दक्षिण अमेरिकेतील अराउकाना जातीत कानाजवळ पिसांचे झुपके असतात. हा गुण प्रभावी असला तरी त्याचे दोन जनुक एकत्र आलेले गर्भ उबवणीच्या अखेरच्या दिवसांत अंड्यातच मरतात. झुपकेवाल्या दोन पक्ष्यांची जोडी लावल्यास चौथा हिस्सा अंडी वाया का जातात, ह्याचे कारण हेच.

पट्टेरी पिसे : प्लिमथ रॉक जातीचा हा गुण लिंगाशी निगडित आहे. पट्टेरी कोंबडी व ऱ्होड आयलंड रेड कोंबडा ह्यांच्या पिलांत नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो व माद्यांच्या नसतो. एक दिवसाच्या पिलांचे नर-मादी वेगळे करण्यास ही खूण पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली आहे. पिसे लवकर किंवा उशिरा फुटण्याच्या गुणाचाही उबवणी केंद्रांत ह्याच कामी उपयोग करतात.

मुळीच पिसे नसलेला पक्षीही १९५७ साली शास्त्रीय वाङ्मयात नोंदला गेला आहे. उष्ण प्रदेशासाठी तो आदर्श ठरेल अशी आशा काहींनी बाळगली. पण ऊन, डास व थंडी ह्यांपासून त्यास कसलेच संरक्षण उरत नाही. पिसे कमी करण्यासही मर्यादा असते, हा बोध त्यापासून घ्यावा.

पैदाशीची व्यवहार्य पद्धत

(१) एका कोंबड्यामागे ८ ते १० कोंबड्या ठेवाव्यात. कोंबडा बाहेरच्या कळपातील असावा. त्याच्याच लेकींशी त्याची जोडी लावू नये. दर दोन वर्षांनी कोंबडा बदलावा.

(२) कोंबडा बदलल्यावर लगेच उबवणीची अंडी गोळा करू नयेत. कोंबडीच्या शरीरात आधीच्या कोंबड्याचे बीज दोन ते तीन आठवड्यांपर्यंत टिकून राहते. तितके दिवस थांबल्यासच पिलांचा बाप निश्चित सांगता येतो.

(३) अंड्यावर पेन्सिलीने तारीख व कोंबडीची खूण लिहावी. उबवणीसाठी ७ दिवसांहून जुने अंडे वापरू नये.

(४) पिले २१ व्या दिवशी निघताच उघड्या मानेची व झाकलेल्या मानेची मोजावीत आणि गळ्यावरील झुपक्याची नोंद करावी. कुरळी व सरळ ह्यांची मोजणी दुसऱ्या आठवड्यानंतर करावी. पायात खुणेची कडी घालावी.

(५) पिसांवरून गट पाडून झाल्यावर अंतिम निवड अंड्यांची संख्या, वजन व प्रकृती ह्यांवरूनच करावी. मान उघडी असणे हा एका जनुकाचा खेळ आहे. अंडी देण्याची क्षमता मात्र अनेक जनुकांवर व संगोपनावर अवलंबून असते. केवळ मान उघडी म्हणून वाईट अंडी देणारी कोंबडी पैदाशीस ठेवणे म्हणजे दाणे न पाहता केवळ कणसाच्या तुऱ्यावरून बियाणे निवडण्यासारखे आहे.

मर्यादा

पिसे कमी असलेला पक्षी थंडीत अधिक खातो. नाशिक, पुणे, सातारा ह्या भागांतील हिवाळ्यात रात्री खुराड्यास आडोसा करावा. पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची ऊब द्यावीच लागते. त्यात हयगय झाल्यास उघड्या मानेची पिले प्रथम दगावतात. काही प्रयोगांत ‘उउ’ अंड्यांतून पिले निघण्याचे प्रमाण थोडे कमी आढळले आहे. म्हणून विक्रीसाठी वाढवावयाचा कळप ‘उझ’ ठेवणे व ‘उउ’ केवळ पैदाशीच्या कोंबड्यापुरता राखणे श्रेयस्कर.

ह्या गुणांमुळे रोगप्रतिकार आपोआप येत नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस वेळेवर टोचलीच पाहिजे. उन्हाळ्यात दाट सावली, थंड पाणी, खेळती हवा व खाद्य सकाळी लवकर आणि सायंकाळी उशिरा देणे, ह्यांस कोणताही जनुक पर्याय ठरत नाही. जनुकामुळे पक्षी उष्णतेशी झगडण्यास अधिक समर्थ होतो. त्याचा भार हलका करणे हे पालकाचे काम आहे.

समारोप

परसात पंधरावीस कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबात अंड्यांचे पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती येतात. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, आजारपणातील औषध असे खर्च त्यांतून भागतात. वैशाखातील एका दुपारी चार पक्षी दगावले तर त्या घराचे होणारे नुकसान कोणत्याही अहवालात दिसत नाही; परंतु ते खरे असते. अशा घरी एखादी उघड्या मानेची कोंबडी जन्मास आल्यास ती कुरूप म्हणून बाजारात नेण्यापूर्वी तिच्या गळ्यावरचा झुपका पाहावा, तिची अंडी मोजावीत आणि उन्हाळ्यात तिचे वर्तन लक्षात ठेवावे. जी दिसण्यात उणी वाटते तीच कदाचित पुढील उन्हाळ्यातील कळपाची आई ठरेल. कुरळी कोंबडी मात्र सरळ पिसांच्या कोंबड्याबरोबरच ठेवावी, एवढे पथ्य कटाक्षाने पाळावे.